लाभार्थी वाढले, आजार आकसला

१९४३ साली, महायुद्ध ऐन भरात असताना, हिंदुस्थान सरकारने आरोग्याचे दोन प्रश्न दोघांच्या हाती सोपवले. मार्चमध्ये प्रा. बी. पी. अदारकर यांना कारखान्यांतल्या कामगारांसाठी आरोग्य विम्याची योजना आखण्यास सांगितले. ऑक्टोबरमध्ये सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली आणि तिच्याकडे साऱ्या देशाच्या आरोग्यव्यवस्थेचा विचार दिला. अदारकरांचा अहवाल १९४४ मध्ये आला, भोर समितीचा १९४६ मध्ये. पहिल्याचे उत्तर विमा हे होते: मालक आणि मजूर यांनी वर्गणी भरायची आणि त्या निधीतून कामगाराचा आजार सांभाळायचा. दुसऱ्याचे उत्तर कर हे होते: पैसे नाहीत म्हणून कोणालाही उपचार नाकारले जाऊ नयेत, आणि त्यासाठी सरकारने स्वतःच्या पगारी डॉक्टरांसह गावोगावी सेवा उभी करावी. आज महाराष्ट्रात पाच लाखांचे संरक्षण साऱ्या कुटुंबांना मिळाले असे जाहीर होते, आणि तरीही गरीब माणूस दवाखान्याच्या पायरीवर खिसा चाचपत उभा असतो. या वैतागाचा उगम त्या दोन अहवालांनंतर राज्यकर्त्यांनी केलेल्या निवडीत शोधावा लागतो. ऐंशी वर्षांत विम्याखाली येणाऱ्या माणसांची संख्या वाढतच गेली आणि त्याच वेळी विमा ज्याला आजार मानतो त्याचा आवाका लहान लहान होत गेला, असे माझे म्हणणे आहे.

ही कथा सुरू होते मुंबईच्या गिरणगावात. १९२७ मध्ये आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आजारविम्याचे करार मंजूर केले तेव्हा हिंदुस्थान सरकारने हात झटकले. इथला मजूर एका जागी टिकत नाही, आजारी पडला की गावी निघून जातो, त्याला वैद्य-हकीम बरे वाटतात, पुरेसे डॉक्टरही नाहीत, अशी कारणे होती. त्यांतली काही खरीच होती. परळ-लालबागच्या चाळीतला कोकणातला किंवा घाटावरचा माणूस तापाने फणफणला की बोट किंवा गाडी धरून घरी जाई, कारण मुंबईत पडून राहणे त्याला परवडत नसे. पण आजारपणात मजुरी बुडते आणि खानावळीचे पैसे चुकत नाहीत म्हणूनच तो गावी जात होता, म्हणजे सरकार ज्याला विम्याविरुद्धचे कारण म्हणत होते ते खरे तर विम्याच्या बाजूचे कारण होते. १९२९ मध्ये मुंबई प्रांताने देशातला पहिला प्रसूती लाभ कायदा केला. त्याच वर्षी नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात आजारविम्याचा विचार पुढे न्यावा असे सुचवले. या आयोगावर ना. म. जोशी होते, आणि पुढे भोर समितीवरही तेच होते. विमा आणि सार्वजनिक सेवा या दोन्ही वाटांच्या तोंडाशी मुंबईच्या कामगार चळवळीचा एकच माणूस उभा दिसतो, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्या पिढीला या वाटा एकमेकींच्या विरोधात जातात असे वाटत नव्हते.

अदारकरांच्या आराखड्यातून एप्रिल १९४८ मध्ये कर्मचारी राज्य विमा (ईएसआय) कायदा झाला. २४ फेब्रुवारी १९५२ रोजी कानपूर आणि दिल्लीत त्याची सुरुवात झाली आणि १९५४ मध्ये तो मुंबईत आला. या कायद्याने आजार म्हणजे काय मानले ते जरा बारकाईने पाहिले पाहिजे. साधा खोकला, जुलाब, कंबरदुखी यांपासून मोठ्या शस्त्रक्रियेपर्यंत सगळे त्यात होते, आणि उपचाराच्या खर्चाला रकमेची मर्यादा नव्हती. आजारपणात बुडालेल्या मजुरीचा काही भाग रोख मिळत होता. बाळंतपण, कामावरची इजा, मृत्यूनंतर मागे राहिलेले कुटुंब यांचाही विचार होता. अगदी तुटपुंजी मजुरी असणाऱ्याकडून वर्गणीच घ्यायची नाही, फक्त मालकाने भरायची, अशी तरतूद होती. मुंबईने पॅनेलची पद्धत निवडली. कामगाराने आपल्या वस्तीतल्या, यादीवरच्या खाजगी डॉक्टरकडे जायचे आणि त्या डॉक्टरला योजनेतून पैसे मिळायचे. म्हणजे दवाखाना चाळीच्या कोपऱ्यावर आला. सुरुवातीला उपचार फक्त कामगाराला होते, १९५८ पासून कुटुंबाकडेही ते जाऊ लागले. आजही या योजनेखाली आजारपणात मजुरीच्या ७० टक्के रक्कम वर्षात ९१ दिवसांपर्यंत मिळू शकते. गरिबाच्या आजाराला दोन बाजू असतात, औषधाचा खर्च आणि बंद पडलेली कमाई. दोन्ही सांभाळणारी, इतक्या मोठ्या पसाऱ्याची दुसरी व्यवस्था आपल्याकडे त्यानंतर झालेली नाही.

इथे हरकत येणार हे उघड आहे. ज्याने ईएसआयच्या दवाखान्यात रांग लावली आहे तो या कौतुकावर हसेल. तिथली पातळ औषधे, सगळ्या रोगांवर त्याच गोळ्या, 'सिक' लिहून देण्यावरून होणारी घासाघीस, यांच्या कहाण्या मुंबईत, पुण्यात, नागपुरात घरोघरी होत्या. कामगार वर्गणी भरत आणि जरा हातात पैसे असले की खाजगी डॉक्टर गाठत. दुसरी हरकत अधिक जड आहे: ही योजना होतीच मूठभरांची. विजेवर चालणाऱ्या, बारमाही, वीस किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांपुरता मूळ कायदा होता. हंगामी कारखाने त्यातून वगळले होते, आणि हंगामी म्हणजे कोणते? कापसाचे जिनिंग-प्रेसिंग, साखर, गूळ. विदर्भ-खानदेशातला जिनातला मजूर आणि पश्चिम महाराष्ट्रातला साखर कारखान्यातला हंगामी कामगार असे एका व्याख्येने बाहेर राहिले. शेतमजूर तर विचारातच नव्हता. मग १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि त्यांतल्या असंख्यांना पुन्हा गिरणी दिसली नाही. वर्गणी थांबली की हक्क संपतो. त्यामुळे ज्या काळात या घरांना आजारविम्याची सर्वांत जास्त गरज होती, नेमक्या त्याच काळात कार्ड निरुपयोगी झाले. या दोन्ही हरकती मला मान्य आहेत. पण दुसरीतून निघणारा निष्कर्ष असा असायला हवा होता की हेच छत्र, कारभार सुधारून, पगारपत्रकाबाहेरच्या माणसांवर धरावे. प्रत्यक्षात छत्र पसरताना त्याचे कापडच बदलले.

असे पसरणे अशक्य नव्हते, याचा पुरावा वर्धा जिल्ह्यात आहे. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयाने डॉ. उल्हास जाजू यांच्या पुढाकाराने आसपासच्या गावांत ज्वारीवर चालणारी विमा योजना उभी केली. सुगीच्या वेळी प्रत्येक घराने ऐपतीप्रमाणे ज्वारी द्यायची: भूमिहीनाने थोडी, जमीनवाल्याने जमिनीच्या मानाने जास्त. गावातली बहुतेक घरे आली तरच गाव योजनेत घ्यायचे, म्हणजे फक्त आजारी घरे आत आणि धडधाकट बाहेर असे होऊ नये. गोळा झालेल्या धान्यातून गावातल्या आरोग्यसेवकाचे मानधन आणि साध्या औषधांची सोय होई. अवचित आजारात रुग्णालयात मोफत उपचार, आणि साधे बाळंतपण किंवा मोतीबिंदू यांसारख्या आधी ठाऊक असलेल्या खर्चात सवलत. विमाशास्त्राच्या पुस्तकात ज्यांना भारी नावे आहेत ती तत्त्वे इथे पायलीने मोजून अमलात आली. रुग्णालयाचा मोठा खर्च या ज्वारीतून निघत नव्हता, त्याला सरकारी अनुदानच लागत होते, हे सांगायलाच हवे. ज्वारीने सरकारची जागा घेतली असे कोणी म्हणू नये. पण गावातला ताप आणि रुग्णालयातली शस्त्रक्रिया एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, हे त्या योजनेला कळले होते.

राज्य आणि केंद्र यांच्या योजना मात्र दुसऱ्याच बाजूने आल्या. १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी मेडिक्लेम आणला. तो मध्यमवर्गासाठी होता, आणि रुग्णालयात दाखल झाल्यावरच पैसे मिळतील ही त्याची मूळ अट होती. पुढे गरिबांसाठी जे काही झाले ते याच नमुन्यावर बेतले गेले. २००३ मध्ये दिवसाला एक रुपया, म्हणजे माणसामागे वर्षाला ३६५ रुपये, अशी सार्वत्रिक आरोग्य विमा योजना आली. ज्यांच्यासाठी ती होती ते तिच्याकडे फारसे वळले नाहीत, आणि वर्षभरातच तिचे रूप बदलावे लागले. २००८ मध्ये राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजना आली. तीस रुपये नोंदणी, पाच जणांच्या कुटुंबाला वर्षाला तीस हजारांचे संरक्षण, स्मार्ट कार्ड. तिच्याबद्दल अनुप करण, विनी यिप आणि अजय महल यांनी २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे आढळले की गरीब घरांचा खिशातून होणारा खर्च या योजनेने म्हणावा तसा कमी झाला नाही. त्याचे आश्चर्य वाटायचे कारण नाही, कारण घरचा बराचसा खर्च होतो तो दाखल न होता.

महाराष्ट्रात १९९७ पासून हृदय, मूत्रपिंड, मेंदू अशा गंभीर आजारांसाठी जीवनदायी आरोग्य योजना होती. आंध्रात २००७ मध्ये वाय. एस. राजशेखर रेड्डी यांच्या सरकारने आरोग्यश्री सुरू केली आणि तिचा बोलबाला झाला. त्या वळणावर २ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत सुरू झाली: गडचिरोली, अमरावती, नांदेड, सोलापूर, धुळे, रायगड, मुंबई शहर आणि मुंबई उपनगर. २०१३ च्या नोव्हेंबरात ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. पिवळे किंवा केशरी रेशनकार्ड, अंगीकृत रुग्णालय, दारातच बसलेला आरोग्यमित्र, विमा कंपनीच्या मध्यस्थ संस्थेकडून (टीपीए) पूर्वमंजुरी आणि ९०० हून अधिक उपचारांची यादी, अशी तिची रचना. वर्षाला कुटुंबामागे दीड लाख, मूत्रपिंड प्रत्यारोपणाला अडीच लाख. या यादीत तुमचा आजार असला आणि तुम्ही दाखल झालात तर तुम्ही लाभार्थी. नसलात तर तुमचे कार्ड केशरी असो की पिवळे, ते रेशन दुकानापुरतेच. बायपास होता, डायलिसिस होते. मधुमेहाची रोजची गोळी नव्हती, आणि उपचारापायी बुडालेल्या मजुरीचा तर शब्दही नव्हता. १९४८ च्या कायद्यातल्या दोन बाजूंपैकी एक अशी पूर्ण गळाली आणि दुसरीचा तुकडा उरला.

या योजनांनी काहीच केले नाही असे मात्र म्हणता येणार नाही, आणि मी म्हणतही नाही. शेजारच्या कर्नाटकात २०१० मध्ये सुरू झालेल्या वाजपेयी आरोग्यश्रीचा अभ्यास २०१४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. योजनेत असलेल्या आजारांनी होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण, सीमेलगतच्या योजना नसलेल्या गावांच्या तुलनेत, गरीब घरांत ६४ टक्क्यांनी कमी आढळले. हृदयाची झडप बदलून घेतलेले मूल किंवा डायलिसिसवर तगलेला बाप ज्या घरात आहे, तिथे जाऊन ही योजना फसवी आहे असे सांगणे उद्धटपणाचे होईल. विमाशास्त्राचे जाणकार आणखी एक युक्तिवाद करतात. विमा हा मुळात क्वचित येणाऱ्या आणि घर बुडवणाऱ्या संकटासाठी असतो. तापाच्या गोळीचा विमा कोणी काढत नाही, तो खर्च माणसाने कमाईतून करावा. सुस्थितीतल्या घरापुरते हे अगदी बरोबर आहे. पण घर कशाने बुडते हे घरावर अवलंबून असते. महिन्याला हातात दहा-बारा हजार येणाऱ्या घरात रक्तदाब आणि मधुमेह यांची औषधे, मधूनमधून तपासणी, एसटीचे भाडे आणि त्या दिवशीचा खाडा यांची बेरीज करून पाहा. हा खर्च क्वचित येत नाही, दर महिन्याला येतो, आणि सावकाराचे व्याज त्याच्या मागून येते. शिवाय गोळी परवडली नाही म्हणून उपचाराविना राहिलेला रक्तदाब काही वर्षांनी पक्षाघात होऊन किंवा मूत्रपिंड निकामी करून परत येतो, आणि मग तो यादीत बसतो. साध्या आजाराकडे पाठ फिरवणारी योजना मोठ्या आजारांची गिऱ्हाइके स्वतःच तयार करते, एवढा हिशेब तरी वित्त खात्याला कळायला हरकत नव्हती.

आकडे याच दिशेने बोट दाखवतात. खिशातून होणाऱ्या आरोग्यखर्चात औषधांचा वाटा मोठा असतो, हे राष्ट्रीय नमुना पाहणीच्या एकामागून एक फेऱ्यांत दिसत आले आहे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के झाला. ही घट मोठी आहे आणि ती विम्याची कमाई म्हणून मिरवलीही जाते. पण २०१७-१८ च्या नमुना पाहणीत ग्रामीण भागातल्या जवळपास ८६ टक्के आणि शहरी भागातल्या ८१ टक्के लोकांना कसलेही आरोग्य संरक्षण नव्हते. ज्या काळात आकडा उतरत होता त्या काळाच्या बऱ्याच भागात विमा बहुसंख्यांच्या घरी पोचलाच नव्हता. मग या घटीचे सारे श्रेय त्याला कसे द्यायचे? २०१८ मध्ये आयुष्मान भारत आली. तिचे संरक्षण पाच लाखांचे, पण त्यातही दाखल होण्याआधीचे तीन दिवस आणि घरी गेल्यानंतरचे पंधरा दिवस एवढेच औषधपाणी. सोळाव्या दिवसापासून रुग्ण आणि त्याचा दुकानदार. नोंदणीच्या कारभाराबद्दल महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालात नोंद आहे की सुमारे साडेसात लाख लाभार्थी एकाच भ्रमणध्वनी क्रमांकाला जोडलेले होते, आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. ही गंमत वाटली तरी, उद्या याच नोंदीवरून कोणाला तरी खिडकीवर परत पाठवले जाणार आहे.

सरकारी दवाखान्यात बाह्यरुग्ण उपचार असतातच, मग ते विम्यात कशाला हवेत, ही सर्वांत रास्त हरकत. तिला उत्तर द्यायचे तर २०२३ चे वर्ष पाहावे. २८ जुलैला राज्याने फुले योजना सगळ्या कुटुंबांना खुली करण्याचा आणि संरक्षण पाच लाखांपर्यंत नेण्याचा शासन निर्णय काढला. १ जुलै २०२४ पासून तो अमलात आला. २०२३ च्याच १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतली सेवा निःशुल्क झाली, केसपेपरचे पैसेही गेले. हे पाऊल विम्यापेक्षा भोर समितीच्या अंगाने जाणारे होते, आणि चांगले होते. वैद्यकीय शिक्षण विभागाची महाविद्यालयीन रुग्णालये मात्र त्यात नव्हती, आणि जिल्ह्यातला अडलेला रुग्ण शेवटी तिथेच येतो. ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले, त्यांत १२ नवजात बालके होती. औषधांचा तुटवडा होता की नाही यावर वाद झाला, उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. कारण काहीही ठरो, नांदेड २०१२ च्या पहिल्या आठ जिल्ह्यांतले आहे. अकरा वर्षे तिथे पॅकेज होते, कार्ड होते, आरोग्यमित्र होता. मनुष्यबळ आणि औषधसाठा यांची तक्रारही तिथे होतीच. 'बाहेरून आणा' अशी चिठ्ठी जोवर सरकारी दवाखान्यातून निघते तोवर तिथली सेवा मोफत आहे हे वाक्य अर्धेच खरे आहे.

खाजगी क्षेत्रावर भार टाकण्याचा मार्ग महाराष्ट्राने वेगळ्या रीतीनेही चोखाळून पाहिला. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ अअ खाली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आणि बिलांच्या २ टक्के रक्कम निधीत टाकायची. कागदावर हा फार मोठा साठा आहे. पण इथेही मोजली जाते ती खाट. खाटेवर न पडलेल्या माणसाचे नाव कुठल्याच वहीत येत नाही.

पैसा कुठून आणायचा, असे शेवटी विचारले जाते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने सरकारी खर्च २०२५ पर्यंत सकल देशांतर्गत उत्पादनाच्या २.५ टक्क्यांवर नेण्याचे ठरवले होते. २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. तेव्हा पैसा कमी आहे हे खरेच. पण असलेला पैसा आधी कशावर लावायचा हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर दोन राज्यांनी आपल्या आधी दिले आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये औषध खरेदीचे स्वतंत्र महामंडळ काढले, सरकारी दवाखान्यांत औषधे नियमित पोचतील अशी गोदामांची साखळी बांधली आणि विमा आणला तो २००९ मध्ये. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ ला मोफत औषधांची योजना सुरू केली आणि विमा २०१५ च्या अखेरीस आणला. महाराष्ट्राने २०१२ मध्ये विमा आणला, २०१७ मध्ये औषध खरेदी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे सोपवली, तिथे ती वर्षानुवर्षे रखडत राहिली, आणि खरेदीसाठी स्वतंत्र प्राधिकरणाचा कायदा केला तो २०२३ मध्ये, म्हणजे पहिल्या पॅकेजनंतर अकरा वर्षांनी. या प्राधिकरणाला त्याचा पैसा वेळेवर मिळतो का आणि गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाची गोळी बारा महिने असते का, हे पाच लाखांच्या जाहिरातीपेक्षा अधिक लक्षपूर्वक पाहायला हवे. बुडालेल्या मजुरीचा प्रश्न तर फुले योजनेने अजून हाती घेतलेलाच नाही.